मुठीत काय आहे?

‘टेनॅसिटी’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘चिकाटी’ हा शब्द रूढ आहे आणि तो समर्पकही आहे. चिकाटीचे नाते चिकटून राहण्याशी, तर टेनॅसिटीचे धरून ठेवण्याशी. लॅटिन भाषेत ‘टेनेरे’ म्हणजे धरणे. दुसऱ्याची जमीन वा घर धरून राहणारा तो ‘टेनंट’. पद जितका काळ हाती धरले जाते तो ‘टेन्युअर’. याच क्रियापदापासून ‘टेनॅक्स’ म्हणजे घट्ट धरणारा हे विशेषण बनले आणि त्याचे भाववाचक नाम फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले.

मात्र ‘टेनॅक्स’चा आणखी एक अर्थ होता : कंजूष. पैसा मुठीतून सुटू न देणाराही टेनॅक्सच! त्याच शब्दाला ‘पर्’ हा उपसर्ग लागून इंग्रजीत ‘पर्टिनेसिटी’ आला आणि त्यात चिकाटीबरोबर हटवादीपणाची छटाही उतरली.

संस्कृतातील ‘ग्रह्’ धातूचा अर्थही धरणे, पकडणे असाच. त्याच्याही घराण्यात अशी भिन्न स्वभावाची भावंडे आहेत. वस्तूंना धरून बसणे हा परिग्रह, चुकीच्या मताला धरून बसणे हा दुराग्रह. आणि स्वतःसाठी मनोमन धरलेला कठोर नियम म्हणजे अभिग्रह.

श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार भगवान महावीरांनी १३ अटींचा अभिग्रह धारण केला होता. भिक्षा देणारी राजकन्या असावी, पण दासी झालेली. मस्तक मुंडलेले, पायांत बेड्या, डोळ्यांत अश्रू, सुपात उडदाचे बाकळे. भगवान कौशांबीत भिक्षेला जात आणि अटी पुऱ्या न झाल्याने रिक्त हस्ते परतत. अखेर ५ महिने २५ दिवसांनी चंदनबालेच्या हातून पारणे घडले. या दीर्घ काळात त्यांनी आपल्या अटी कोणाला सांगितल्या नाहीत, की कोणाला दोष दिला नाही. निश्चयाचा सारा भार त्यांनी स्वतःवरच घेतला होता.

चिकाटी आणि हट्ट यांतील भेद येथे स्पष्ट होतो. रोज पहाटे न चुकता केलेले सामायिक आणि ‘माझेच खरे’ म्हणून घरात वर्षानुवर्षे धरलेला अबोला, दोन्हींत मूठ सारखीच घट्ट असते. पहिल्याचे कष्ट माणूस स्वतः सोसतो. दुसऱ्याचे सारे घर सोसते. तेव्हा आपल्या दृढतेचा अभिमान वाटू लागला, की एकदा मूठ उघडून पाहावी.