पाडव्याची सनस्क्रीन दिवाळीपर्यंत पुरते कशी?

आधी उत्तर सांगते, म्हणजे ज्यांना स्क्रोल करून पुढे जायचंय त्यांना जाता येईल. तीन. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मुरूम, वांग, डाग असा खरा त्रास असेल तर चौथं, आणि तेही डॉक्टरने लिहून दिलेलं. त्वचा तेलकट असेल तर सकाळचं मॉइश्चरायझरही गाळा, सनस्क्रीन पुरते. बाकी टोनर, एसेन्स, मिस्ट, आय क्रीम, शीट मास्क आणि दर आठवड्याला नवं निघणारं सीरम हे सगळं हौस म्हणून घ्यायचं तर घ्या. गरज म्हणून नको.

हे वाचून ‘मी तर अंगाच्या साबणानेच तोंड धुतो’ म्हणणारे खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावं. आपल्या त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो, साध्या साबणाचा नऊ-दहा. धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटतात ते स्वच्छ झाल्यामुळे नव्हे, कोरडे पडल्यामुळे. आणि ‘आजी तर नुसतं लिंबू लावायची’ म्हणणाऱ्यांनी लिंबू पोह्यांवर पिळावं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडू शकते. तीन म्हणजे तीन, शून्य नाही.

पण माझं खरं भांडण दहावाल्यांशी आहे.

दहा पायऱ्यांचं कोरियन रुटीन आपल्याकडे असं विकलं जातं, जणू सोलमधल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला तो कुळाचार आहे. हे प्रकरण गाजलं ते अमेरिकेत. शार्लट चो या कोरियन-अमेरिकन उद्योजिकेने सोको ग्लॅम नावाचं ऑनलाइन दुकान काढलं, २०१५ साली पुस्तक लिहिलं आणि दहा पायऱ्या जगभर पोचल्या. ज्याचं दुकान आहे त्याने पायऱ्या मोजल्यावर त्या दहा भरणारच. कोरियात पुढे पायऱ्या गाळण्याची, ‘स्किप-केअर’ची लाटही आली. तिच्या रील्स माझ्या फीडपर्यंत काही पोचल्या नाहीत.

बाटलीची मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. टोनर बघा: पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड. एसेन्स: पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड. सीरम: पाणी, नायसिनामाइड, ग्लिसरीन. मॉइश्चरायझरमध्ये पुन्हा नायसिनामाइड, सनस्क्रीनमध्ये पुन्हा तेच, आणि कहर म्हणजे अर्ध्या मिनिटात बेसिनमध्ये वाहून जाणाऱ्या फेसवॉशमध्येही. एकच फंक्शन सहा फायलींत कॉपी-पेस्ट केलेलं दिसलं तर कोड रिव्ह्यूमध्ये आम्ही ते परत पाठवतो. इथे आपण त्याचे सहा वेळा पैसे मोजतो.

पुढची बाजू वाचाल तर तिथे ‘डाग घालवते’ असं सहसा नसतं. ‘डाग कमी दिसण्यास मदत करते’ असं असतं. यातले ‘दिसण्यास’ आणि ‘मदत’ हे शब्द वकिलाची नजर फिरल्याशिवाय तिथे आलेले नसतात. आपल्या १९४० च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारी, सुंदर करणारी, रूप बदलणारी वस्तू. रोग बरा करणारी ती औषधं. कंपनीला ही रेघ नीट माहीत असते, आपल्याला नसते.

इथवर प्रश्न फक्त पैशाचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर चेहऱ्यावर एका केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. मृत पेशींच्या विटा आणि मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड यांचा गिलावा. दोन आम्लं, रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी एकाच आठवड्यात सुरू केलं की हा गिलावा निघायला लागतो. आग, लाली, खाज. गोऱ्या कातडीवर ती लाली बऱ्याचदा ओसरून जाते. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीत मात्र कुठलाही दाह मागे काळपट डाग ठेवून जातो आणि तो जायला महिनोन् महिने लागतात. म्हणजे डागांसाठी आणलेल्या बाटल्याच डाग पाडतात, आणि त्या डागांसाठी पुढची बाटली तयार असते.

माझी मावसबहीण लातूरहून पुण्यात शिकायला आली. वय १९. होस्टेलच्या कपाटात नऊ बाटल्या, सगळ्या धरून साडेचार हजारांच्या, मेसचे पैसे वाचवून घेतलेल्या. चेहऱ्याची आग व्हायला लागली तेव्हा तिने दहावी आणली, आग शमवणारी. मग मला फोटो पाठवला, ‘ताई, यातल्या नेमक्या कशाने होतंय गं?’ हे सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे. शुक्रवारी संध्याकाळी नऊ बदल एकदम प्रॉडक्शनवर टाकले आणि सर्व्हर झोपला, तर दोष कुणाचा ते शोधत बसायचं नसतं, सगळे बदल मागे घ्यायचे असतात. आम्ही तेच केलं. नऊच्या नऊ बंद, फक्त तीन वस्तू. आग थांबली. गालांवरचे डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिले.

तिच्या त्या नऊ बाटल्यांत सनस्क्रीन होती, पण कशी? पाडव्याला आणलेली ५० ग्रॅमची ट्यूब दिवाळीला अजून संपलेली नव्हती. हा हिशेब जरा करूच. बाटलीवरचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहऱ्याला त्या मापाने साधारण सव्वा ग्रॅम लागतं, मान वेगळी. दिवसातून एकदाच लावली तरी ट्यूब ४० दिवसांत संपायला हवी. सात महिने पुरली म्हणजे ती रोज पाव ग्रॅमही लावत नव्हती. ५० आकडा फक्त ट्यूबवर होता, गालांवर नाही.

आणि जिचं काम सिद्ध झालंय ती वस्तू नेमकी हीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग चालला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्या काळात त्वचेच्या म्हातारपणाच्या खुणा मोजण्याइतक्या वाढल्या नाहीत. सनस्क्रीन कसली, तर साधी एसपीएफ १५ वाली. आपल्याकडे वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइड असलेली, रंगाची छटा असलेली घ्यावी, कारण वांग नुसत्या यूव्हीने नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं. साडेचार हजार खर्चायचेच असतील तर त्यात वर्षभर पुरेल इतकी साधी सनस्क्रीन येते. सीरमवर पैसे संपले की मुलं हीच वस्तू थेंबाथेंबाने वापरतात, राग मला त्याचा आहे.

‘पण मला रात्री पंधरा मिनिटं मजा येते, तो माझा वेळ असतो.’ मान्य. शीट मास्क लावून पडून राहा, कोण नाही म्हणतंय? फक्त त्याला उपचार म्हणू नका. आणि ती मजा कोण ठरवतंय तेही बघा. १९७५ साली फेअर अँड लव्हली बाजारात आली, २०२० साली तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं, आणि २०२५ साली त्याच हिंदुस्थान युनिलिव्हरने मिनिमलिस्ट नावाच्या ब्रँडचा बहुतांश हिस्सा घेतला. नाव मिनिमलिस्ट, आणि त्यांची उत्पादनं मोजायला घेतलीत तर अंगठा दुखेल. आमच्या आयांना सांगितलं गेलं की तुमच्यात एकच उणीव आहे, रंग. आम्हाला पोअर्स, टेक्श्चर, डलनेस अशी यादीच मिळाली.

आता एक तातडीचं. बाटल्यांनी बिघडलेला चेहरा घेऊन मुलं सहसा डॉक्टरकडे जात नाहीत, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातात, आणि तिथून एक छोटी ट्यूब मिळते जिने चार दिवसांत चेहरा उजळतो. ती बहुधा स्टिरॉइडची असते. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतातच. महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, आणि बंद केली की चेहरा पेटून उठतो. घरातल्या ट्यूब काढून बघा. लाल उभी रेघ आणि बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव दिसलं, आणि ती कुणी रोज चेहऱ्याला लावत असेल, तर एकदम बंद करू नका, कचऱ्यातही टाकू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, याच आठवड्यात.