'घरगुती कारणावरून' म्हणजे नेमकं काय हो?

रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचलेल्या माणसाकडून आपल्याकडं दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, "लई भारी, रात्रभर झोप लागली नाही." दुसरी, "काय हे घाणेरडं डोकं! चांगल्या घरात असं असतं का कुठं?"

पहिल्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याशी आहे.

मतकरी (१९३८-२०२०) म्हणजे बँकेत नोकरी करत नाटकं, बालनाट्यं, गूढकथा लिहिलेला माणूस. गूढकथा म्हटलं की लोकांना पडका वाडा आणि हडळ आठवते. पण मतकरींची खरी भीती चांगल्या रंगवलेल्या दिवाणखान्यात बसलेली असते. नवरा, बायको, लेकरू, म्हातारी आई. बाहेरून कुणी येत नाही, आत साचलेलं वर येतं. त्यांनी स्वतःच्या कथेवर काढलेला 'इन्व्हेस्टमेंट' बघा. २०१२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. शिकलेलं, महत्त्वाकांक्षी जोडपं. शाळकरी पोराच्या हातून वर्गातल्या मुलीचा जीव जातो आणि आईबाप ते दडपायच्या मागं लागतात. भूत नाही, करणी नाही. तरी अंगावर काटा येतो, कारण असे आईबाप आपल्या ओळखीचे असतात.

समीक्षकांनी यावर 'रंजक' असा शिक्का मारला आणि मोकळे झाले. साहित्य अकादमीनं २०१८ ला मतकरींचा सन्मान केला, तोही बालसाहित्यासाठी. गूढकथा कायम ओसरीवरच. तिकडं अमेरिकेत २०१२ लाच जिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' आली. नवरा-बायकोच्या संसारातलं विष. लाखांनी खपली. आपल्याकडं असं काही लिहिलं की संस्कृती बुडते!

आता आपल्या परळीचं बोलू. त्याच २०१२ मध्ये इथल्या एका दवाखान्यात गर्भपात करताना बाई दगावली आणि वैजनाथाच्या गावाचं नाव नको त्या कारणासाठी देशभर झालं. डॉक्टर नवरा-बायकोला पुढं शिक्षाही झाली. बरं झालं. पण मुलगी नको, हे काय डॉक्टरनं ठरवलं होतं? अशा दवाखान्याची पायरी चढायच्या आधी गोष्ट घरात ठरते. चहाचे कप समोर ठेवून ठरते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं मुली होत्या ८०७. बाकीच्या कुठल्या हडळीनं नेल्या, सांगा की!

आणि आपले पेपर काय छापतात? सून जळाली, 'घरगुती कारणावरून'. विहिरीत सापडली, 'घरगुती कारणावरून'. या दोन शब्दांत अख्खी कादंबरी पुरलेली असते. पोलीस ते लिहून देतात, बातमीदार उतरवून घेतो, वाचक पान उलटतो. घरचा मामला! कोण कुणाला कधीपासून काय बोलत होतं, शेजाऱ्यांना काय ऐकू येत होतं आणि ते गप्प का बसले, हे विचारायला मतकरींसारखा कथाकार लागतो.

काही जण म्हणतील, असलं वाचून बायांच्या डोक्यात संशय भरतो, संसार मोडतात. अहो, संशयानं मोडतील इतके कच्चे संसार असतील तर दोष पुस्तकाचा कसा? उलट एखादीला कथा वाचून कळतं की आपल्याला होतंय ते 'मनाचे खेळ' नाहीत, याला नाव आहे. तेवढ्यानं ती माहेरी फोन तरी करते. भीती वाटणं वाईट नाही. भीती वाटायला हवी तिथं झोप लागणं वाईट.

तेव्हा मतकरी जरूर वाचा. वाचून घाबरलात तर उठून आधी दाराची कडी बघायला जाऊ नका. घरात कोण बरेच दिवस बोलत नाहीये, ते बघा.

आणि बातमीदार मित्रांनो, पुढच्या वेळी 'घरगुती कारणावरून' लिहिताना एक प्रश्न जास्तीचा विचारा. कारण घरगुती असेल. मेलेली बाई गावाचीच असते.