सहल मांडूलाच न्या, पण पाणी ओळखायला शिकवून

गेल्या पालकसभेत सहलीचा विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. काहींचे म्हणणे, पावसाळ्याच्या दिवसांत मांडू नको. दऱ्या, निसरडे दगड, डोह, कोण जबाबदारी घेणार? त्यापेक्षा मुलांना वॉटर पार्कला न्यावे. बाकीच्यांचे म्हणणे, धार-देवासच्या मुलाने भरल्या पावसातले मांडू पाहिले नाही, तर मग पाहिले तरी काय? मी दुसऱ्या बाजूची. पण पहिल्या बाजूची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही.

महूजवळच्या पातालपाणीला जुलै २०११ मध्ये काय झाले, ते आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. सहलीला आलेली पाच माणसे प्रवाहाच्या मध्ये उभी असताना पाणी एकाएकी वाढले आणि ती धबधब्यावरून खाली गेली. त्यातली सगळी परत आली नाहीत.

माझाही एक अनुभव आहे. आठवीत असताना शाळेच्या सहलीत आम्ही चार-पाच मुली एका डोहाच्या काठी उतरलो. मैत्रिणीचा पाय शेवाळावरून घसरला. बसच्या क्लीनरने धावत येऊन हात दिला, म्हणून निभावले. घरी आल्यावर ओरडा खाल्ला, पण ओल्या काळ्या दगडावर पाय ठेवू नये, हे सहलीच्या आधी आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. माझा मुद्दा नेमका इथेच आहे. सहल रद्द केल्याने मुले सुरक्षित होत नाहीत. उद्या हीच मुले कॉलेजात जातील आणि मित्रांबरोबर मोटारसायकलवर त्याच डोहांवर पोहोचतील. तेव्हा त्यांच्याजवळ ना बाई असतील, ना माहिती.

आणि मांडूत शिकण्यासारखे किती आहे! समर्थांच्या शिवथरघळीचे नाव आपली मुले ऐकून असतात, पण धारपासून जेमतेम ३५ किलोमीटरवरची काकडा खोह अनेकांनी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेली असते. ही खोल खोह मांडूचा डोंगर माळव्याच्या पठारापासून तोडते. उन्हाळ्यात बघाल तर उघडे दगड आणि वाळके गवत. श्रावणात त्याच कड्यावरून धबधबे कोसळतात आणि ढग पायाखाली येतात. ही दोन्ही रूपे मुलांसमोर ठेवली, म्हणजे माळव्याचे पाणी म्हणजे काय, ते वेगळे शिकवावे लागत नाही. चार महिने येते, आणि धरून ठेवले नाही तर खोहीतून निघून जाते.

मांडूच्या सुलतानांनी ते धरून ठेवले. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये गियासुद्दीन खिलजीच्या काळात (१४६९ ते १५००) जहाज महाल उभा राहिला. त्याच्या गच्चीवरची वळणावळणाची पन्हाळी मुलांनी बोट फिरवून पाहावी. रेवा कुंडाचे पाणी उचलून महालापर्यंत नेण्याची सोय कशी केली होती, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी तिथेच उभे राहून समजावावे.

देवासच्या पालकांना तर याचे मोल अधिक कळेल. १९९० च्या सुमारास याच शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पुढे २००६ पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदली आणि त्यांना नाव दिले ‘रेवासागर’. मांडूचे कुंड आणि देवासचे शेततळे ही एकाच शहाणपणाची दोन रूपे आहेत. वॉटर पार्कमध्ये हे कुठे दिसणार?

तेव्हा विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की सहल मांडूलाच न्यावी, मात्र तीन गोष्टी पाळून. पहिली, निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात एक तास पाण्यावर व्हावा. पाऊस आपल्या डोक्यावर नसला तरी वर कुठेतरी पडत असतो. पाणी गढूळ झाले, काडीकचरा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की तत्काळ वर चढायचे. दुसरी, खोह कठड्याच्या आतूनच पाहायची आणि डोहात उतरायचे नाही. हा नियम शिक्षकांना आणि बरोबर येणाऱ्या पालकांनाही लागू. तिसरी, दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी व्हावी. मोठी माणसे कमी पडत असतील, तर पहिले नाव माझे लिहा.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगणे. भुट्टे खा, दाल-पानिये खा, पण कणसाचे बुरखुंडे आणि वेफर्सची पाकिटे खोहीत टाकू नका. खाली गेलेली वस्तू आणायला कोणी उतरत नाही, आणि तुम्हीही उतरू नका.