विग साफ करताना घाई नको, आणि लाजही नको

"डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं..." हे वाक्य रुग्ण उठता उठता, दाराकडे बघत, आवाज खाली आणून बोलतात. बहुतेक वेळा प्रश्न विगचा किंवा हेअर पॅचचा असतो. कुणाला चाई पडलेली असते, कुणाचे केमोथेरपीत केस गेलेले असतात, कुणाला आनुवंशिक टक्कल असतं. कपाळाच्या कडेला लालसर पट्टा उठलेला असतो आणि हातातल्या पिशवीत हजारो रुपयांचा, कडेला फाटलेला विग असतो.

चौकशी केली की कळतं, गोंद नेलपॉलिश रिमूव्हरने काढला होता. तोही रात्री उशिरा, बाथरूमला कडी लावून, घरच्यांना कळू नये म्हणून घाईघाईत.

माझं मत असं आहे, की विगची सफाई हा त्वचेच्या काळजीचाच भाग आहे. ती शिकवणं हे विग विकणाऱ्यांचं काम आहे आणि आम्हा डॉक्टरांचंही. आम्ही औषध लिहून देतो, पण रोज डोक्यावर काय चिकटवता हे विचारत नाही. ही आमची चूक आहे.

चिकटा राहिला तर काय होतं?

लेस विगमध्ये एकेक केस बारीक जाळीला गाठ मारून बसवलेला असतो. कडेची जाळी गोंदाने किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने त्वचेला लावतात. विग काढल्यावर जाळीत थोडा चिकटा उरतो. त्यावर घाम, तेल, धूळ बसते. अशा थरावर नवा गोंद नीट धरत नाही, म्हणून आपण आणखी गोंद लावतो. पुढच्या वेळी काढताना जास्त ओढावं लागतं. मग जाळी फाटते, गाठी सुटतात, आणि खालची त्वचा सोलवटते. वारंवार ओढ बसल्याने कडेचे तुमचे स्वतःचे केसही गळू लागतात. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत घामामुळे खाज आणि पुटकुळ्याही लवकर येतात.

मग साफ कसा करायचा?

१. विग ओढून काढू नका. कडेला रिमूव्हर लावा, काही मिनिटं थांबा, जाळी आपोआप सैल होऊ द्या. डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नका.

२. ज्या गोंदाचा विग, त्याच गोंदासाठी बनवलेला रिमूव्हर वापरा. अनेक गोंदांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं, पण ते पेट घेतं. गॅस, दिवा, उदबत्ती जवळ नको आणि खिडकी उघडी हवी.

३. विग उलटा करून टॉवेलवर ठेवा. जाळीखाली टिश्यू ठेवा, नाहीतर विरघळलेला गोंद झिरपून केसांत जातो.

४. चिकट्यावर रिमूव्हर लावून पाच-दहा मिनिटं थांबा. सुटलेला गोंद बोटाने अलगद गोळा करा. उरलेला मऊ टूथब्रशने एकाच दिशेने काढा. नख आणि ब्लेड लावू नका.

५. कोमट पाण्यात सौम्य शॅम्पूने धुवा. कंडिशनर फक्त केसांच्या लांबीला लावा. मुळाशी लावल्यास गाठी सैल होतात. विग पिळू नका, टॉवेलने टिपून स्टँडवर सावलीत वाळवा.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं. त्याने त्वचा कोरडी पडून चिरते आणि काही प्रकारचे कृत्रिम केस चक्क विरघळतात.

एक गोष्ट विसरू नका

विग साफ केला तरी त्वचेवरचा चिकटा तसाच राहिला तर उपयोग नाही. तोही रिमूव्हरने काढून त्वचा सौम्य साबणाने धुवा आणि ती पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा विग लावा. जमेल तर रात्री विग काढून ठेवा. नवा गोंद किंवा रिमूव्हर आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस बघा. 'नैसर्गिक' लिहिलेल्या संत्र्या-लिंबाच्या तेलाच्या रिमूव्हरचीही ॲलर्जी येऊ शकते, आणि गोंदातल्या ॲक्रिलेटचीही.

केमोथेरपी सुरू असेल तर त्वचा नाजूक असते. तुमच्या कॅन्सर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोंद लावू नका. सुती टोपीवर बसणारा किंवा पट्ट्याने घट्ट करता येणारा विग पुरेसा असतो. लाली दोन दिवसांत गेली नाही, पाणी किंवा पू आला, वास येऊ लागला, तर गोंद थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मनानेच स्टेरॉइडचं मलम लावू नका.

शेवटी, ज्याची लाज वाटते ते काम घाईत होतं, आणि घाईत विगही जातो, त्वचाही जाते. चष्मा पुसताना आपण दाराला कडी लावत नाही. विगसाठीही रविवारचा अर्धा तास, खिडकीजवळचं टेबल आणि शक्य असेल तर घरच्या माणसाची मदत घ्या. मागच्या बाजूचा चिकटा तुम्हाला दिसत नाही, त्यांना दिसतो.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात आलात, तर हा प्रश्न शेवटी नको, सुरुवातीलाच विचारा. येताना विग आणि गोंदाची बाटली दोन्ही बरोबर आणा.