सरदारांच्या गोष्टी आणि कुणब्याचें पोर

शाळेला सुट्टी लागली म्हणजे मुलांच्या हातीं गोष्टींचीं पुस्तकें येतात. त्यांत विलायतेंतील जुन्या काळच्या शौर्यकथांचा भरणा फार. चिलखत घातलेला स्वार, उंच गढी, भाल्यांची झुंज, कैदेंत पडलेली सुंदर मुलगी आणि शेवटीं लग्न. मुलें तहानभूक विसरून हीं पुस्तकें वाचतात, आणि त्यांनीं तीं वाचूं नयेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आमचा प्रश्न एवढाच, कीं त्या स्वाराच्या पोटाला घालणारा कोण, त्याच्या घोड्याला नाल ठोकणारा कोण, आणि त्याची गोष्ट कां सांगत नाहींत?

सर वॉल्टर स्कॉट याची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी १८१९ च्या डिसेंबरांत बाहेर पडली. पुढच्या पुष्कळ लेखकांचे गाडे तिच्याच चाकोरींतून गेले. तिच्या पहिल्याच प्रकरणांत गर्थ नांवाचा डुकरें राखणारा गडी भेटतो. त्याच्या गळ्यांत पितळेचें कडें आहे. कुत्र्याच्या पट्ट्यासारखें, पण उघडण्याची सोय नसलेलें. डाख देऊन कायमचें बसविलेलें. हा अमक्याचा मुलगा, अमक्या धन्याचा जन्मापासून गुलाम, असें त्यावर कोरलें आहे. वाचकाला वाटतें, आतां या कड्याची गोष्ट निघेल. पण गोष्ट निघते धन्याच्या मुलाची! गर्थ जिवावर उदार होऊन त्या मुलाची चाकरी करितो, गढीवरच्या हल्ल्यांत लढतो, आणि मग विदूषकानें रदबदली केल्यावर धनी खूष होऊन त्याला मोकळा करितो. म्हणजे माणसाचें स्वातंत्र्य हें धन्याच्या मर्जीचें बक्षीस ठरलें. तरी स्कॉटला तें कडें दिसलें, एवढें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. मागून आलेल्या कित्येकांना तेंही दिसलें नाहीं.

रॉबिन हूडची तर उघड उघड चोरी झाली. इंग्लंडांतील जुन्यांतल्या जुन्या गाण्यांत हा रॉबिन सरदार नाहीं. तो 'योमन', म्हणजे सरदाराहून पुष्कळ खालचा, आपल्या धनुष्याच्या बळावर राहणारा साधा माणूस. साध्या माणसांनीं त्याचीं गाणीं दोनशेंहून अधिक वर्षें गाइलीं. १५९८ च्या सुमारास अँथनी मंडे नांवाच्या लंडनच्या नाटककारानें आपल्या नाटकांत त्याला हंटिंग्टनचा अर्ल करून टाकिलें. एवढा शूर, एवढा उदार माणूस हलक्या कुळांतला असेल कसा, हें कोडें त्या मंडळींना सुटलें नसावें. तेव्हांपासून रॉबिन म्हणजे वतन गेलेला सरदार, अशी समजूत दृढ होऊन बसली. लोकांजवळ एकच वीर होता, तोही वरच्यांनीं उचलून आपल्या पंगतीला बसविला.

ही युक्ति एकदां लक्षांत आली म्हणजे ती जागोजाग दिसूं लागते. हॉवर्ड पाइलच्या 'मेन ऑफ आयर्न' (१८९१) मधला मुलगा, अन्यायानें बुडालेल्या आंधळ्या सरदाराचा. स्टीव्हन्सनच्या 'ब्लॅक अ‍ॅरो' (१८८८) मधला डिक, दुष्ट पालकाच्या हातीं सांपडलेला वारस. आणि अगदीं अलीकडे, २००२ सालीं, अ‍ॅव्ही या अमेरिकन लेखकानें 'क्रिस्पिन' लिहिलें. त्यांतलें पोर १३७७ सालच्या एका खेड्यांतलें. त्याला धड नांवही नाहीं. आईच्या नांवानें हांक मारतात. कारभारी त्याच्यावर चोरीचा आळ घेतो आणि दिसेल त्यानें त्याला लांडग्यासारखें मारावें असें जाहीर करितो. वाचतांना आमचा जीव अडकला. आणि निघतें काय? तें पोर सरदाराच्याच पोटचें! तो तो हक्क सोडून देऊन मित्राचा जीव सोडवितो, म्हणून पुस्तक चांगलेंच आहे. पण कुणब्याच्या पोराला गोष्टींत यायलाही सरदाराचें रक्त लागावें काय?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या आयुष्यांत साहस तें कुठलें? नांगर आणि खुरपें यांत गोष्ट कसली?

तर सेंट ऑल्बन्सची हकीकत ऐका. या गांवीं मोठा श्रीमंत मठ होता. दळण मठाच्याच गिरणीवर नेलें पाहिजे व तेथें हिस्सा दिला पाहिजे, असा मठाचा हट्ट. लोक घरच्या जात्यावर दळीत. तेव्हां १३३० नंतरच्या वर्षांत मठाधिपतीनें घरोघरचीं जातीं जप्त केलीं, आणि त्यांच्या तळ्या आपल्या बैठकीच्या जमिनींत फरशीसारख्या बसविल्या! हा मठाधिपति, वॉलिंगफर्डचा रिचर्ड, स्वतः लोहाराचा मुलगा. ताऱ्यांची गति दाखविणारें अपूर्व घड्याळ त्यानें योजिलें. त्याची बुद्धि कोणीही नाकारणार नाहीं. पण लोहाराचें पोर गादीवर बसलें म्हणजे लोहाराचें राहतेंच असें नाहीं.

पन्नास वर्षें लोकांनीं तें मनांत ठेविलें. १३८१ सालीं राजानें तिसरी डोईपट्टी बसविली होती: पंधरा वर्षांवरील माणसामागें एक शिलिंग, सुटका काय ती भिकाऱ्यांना. एसेक्स आणि केंटमधले शेतकरी उठले, लंडनवर चालून गेले. त्याच जूनमध्यें सेंट ऑल्बन्सचे लोक मठांत शिरले, फरशी उखडली, आणि जात्यांचे तुकडे प्रसादासारखे वांटून घरीं नेले. आयाबहिणींनो, तुमच्या घरच्या जात्यावर दुसऱ्यानें पाय ठेवून चालावें, ही कल्पना करून पाहा.

पुढें राजानें शब्द फिरविला. वॉट टायलर स्मिथफील्डला मारला गेला. जॉन बॉलला १५ जुलै रोजीं याच सेंट ऑल्बन्सला फांशीं दिलें. गांवचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब याला जामिनावर सोडलें, तें लोकांकडून हक्काच्या सनदा परत आणाव्या म्हणून. त्यानें लोकांना उलटें सांगितलें कीं माझी पर्वा करूं नका, सनदा देऊं नका. आणि तो फांशीं गेला. भाल्यांच्या दहा झुंजी या एका गोष्टीवरून ओंवाळून टाकाव्यात!

असा लिहिणारा एखादा निघतोही. १९३४ सालीं जेफ्री ट्रीज या तरुण इंग्रजानें 'बोज अगेन्स्ट द बॅरन्स' लिहून रॉबिन हूड सरदारांच्या पंगतींतून परत आणला. त्यांतला डिकन राजाचें हरिण मारून रानांत पळालेला कुळाचा मुलगा आहे, आणि रॉबिन कुळांना व कारागिरांना एक करूं पाहतो. बंड फसतें, रॉबिन मरतो. ट्रीजनें मुलांना खोटा गोड शेवट दिला नाहीं.

आणि मुलींसाठीं कॅरन कुशमन या बाईंचें 'द मिडवाइफ्स अ‍ॅप्रेंटिस' (१९९५) आहे. उबेसाठीं शेणाच्या उकिरड्यांत निजणारी एक पोरकी मुलगी सुइणीच्या हाताखालीं राबते. एका बाळंतपणांत तिचा हात चालत नाहीं, म्हणून ती लाजेनें पळून जाते. शेवटीं परत येते, तेव्हां सुईण दार लावून घेते. मुलगी पुन्हां दार ठोठावते, आणि आंत घेईपर्यंत पुन्हां पुन्हां येईन असें सांगते. कोणी सरदार तिचा बाप निघत नाहीं. दार मात्र उघडतें.