अंगठा त्याचा, शब्द कुणाचा?

बेळगावच्या अनगोळ शिवारातली भातजमीन गुंठ्याच्या भावाने जाऊ लागली, तशी घराघरांत वाटणीची बोलणी निघू लागली. एखाद्या बैठकीत भिंतीला टेकून व्यवहार न कळणारा थोरला भाऊही बसलेला असतो. त्याचा अंगठा कायद्याने टिकत नाही, हे कळलं की पालकत्वाच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. त्याला पुढे कुणाकडे राहायचंय, हा प्रश्न निघतच नाही.

मूल अठराचं झालं की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, मग दरवर्षी हिशेब. आवडीनिवडीची यादी कुणी मागत नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं चौथं कलम त्या मानाने उदार आहे: रुग्णाला माहिती द्यायची ती सोप्या, त्याला समजणाऱ्या भाषेत. सीमाभागात हे वाचताना जरा हसू येतं. अर्ज कन्नडमध्ये, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, आई मराठीत बोलणार आणि पोराचं बोलणं आईखेरीज कुणाला उमगत नाही.

अशा माणसाच्या वतीने बोलणारा खरा सोबती कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. त्या मूळच्या हळदीपूरच्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३च्या हल्ल्यानंतर त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने दयामरणाची याचिका केली. ७ मार्च २०११ला न्यायालयाने ती फेटाळली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क दिला तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना. तपासणीच्या नोंदींत एक बारीकशी गोष्ट आहे. मासे किंवा कोंबडीचं सूप मिळालं की अरुणा हसत, नावडतं थुंकून टाकत. हे सांगू शकले ते वर्षानुवर्षं घास भरवणारेच.

पण भरवणाऱ्याचाच जमिनीत वाटा असेल तर? अनगोळच्या त्या थोरल्याच्या आईवर संशय घ्यायचा नाही. तिच्यामागे त्याचं काय, हा तिचाच घोर आहे. इंग्लंडने एप्रिल २००७पासून, निर्णय घेऊ न शकणाऱ्या ज्या माणसाबद्दल विचारावं असं जवळचं कुणी नाही त्याच्यासाठी मोठ्या उपचाराच्या किंवा मुक्काम हलवण्याच्या निर्णयाआधी स्वतंत्र प्रतिनिधी सक्तीचा केला. आपल्याकडे अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा आहे, स्वयंसेवकही आहेत. तेव्हा बेळगावच्या समितीने पालकत्वाच्या प्रत्येक अर्जावर, घराशी देणंघेणं नसलेला, मराठी जाणणारा एक स्वयंसेवक विधी सेवा प्राधिकरणाकडून मागून घ्यावा. त्याने दोन-तीनदा घरी जाऊन बसावं. पोरगा कुणाच्या हातून जेवतो, कोण आलं की आत पळतो, हे पाहावं. आणि दाखल्यावर शिक्का उठण्याआधी ते पानभर मजकुरात समितीपुढे वाचलं जावं.