पोरे सांगतात, ऐकायचे कोणी?

जून महिना उजाडला, शाळा सुरू झाल्या, की मला शाळांकडून आमंत्रणे येऊ लागतात. विषय ठरलेला, ‘शालेय सुरक्षितता’. कार्यक्रमही ठरलेला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग डॉक्टरांचे भाषण, आभार आणि चहा. अशी भाषणे मी पुष्कळ केली. त्यांतल्या एका भाषणाची मला आजही लाज वाटते, आणि आजचे सदर त्यावरच लिहायचे आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात नोकरीला असतानाची गोष्ट. तालुक्याच्या गावापासून चौदा किलोमीटरवर असलेल्या एका शाळेत पावसाळ्याच्या तोंडी सर्पदंशावर बोलायला गेलो होतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांचा रंगीत तक्ता नेला होता. सव्वा तास बोललो. मुले शांत बसली होती. ती ऐकत असल्याने नव्हे, गुरुजी छडी घेऊन मागे उभे असल्याने शांत होती, हे पुढे कळले. शाल मिळाली, नारळ मिळाला, मी समाधानाने परत आलो.

पुढे भाद्रपदात त्याच शाळेतले गुरुजी पाचवीतल्या एका मुलाला घेऊन रुग्णालयात आले. पाय पोटरीपर्यंत सुजलेला आणि गुडघ्याखाली सुतळी करकचून आवळलेली. पाऊल निळे पडले होते. घोणस चावली होती. मुलाला आणायला दोन तासांहून जास्त वेळ लागला होता, कारण घरच्यांना निरोप पाठवून चुलता येण्याची वाट पाहत सगळे बसले होते. आम्ही लस सुरू केली, पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवले. पोरगा वाचला. पायाची दोन बोटे मात्र गेली.

मी गुरुजींवर चिडलो. दोरी बांधू नका म्हणून मी सव्वा तास घसा कोरडा केला होता ना! गुरुजी खाली मान घालून म्हणाले, “साहेब, तुम्ही दोरीचे काहीतरी बोलला होता एवढे आठवत होते. बांधा म्हणालात का बांधू नका म्हणालात, ते ऐनवेळी आठवेना.”

त्या दिवशी माझ्या भाषणाची किंमत मला कळली. पण त्याहून जास्त लागले ते दुसरेच. मुलासोबत त्याचा बाकावरचा मित्र आला होता. तो भिंतीला टेकून रडत होता. म्हणाला, “म्या पयलेच सांगितलं होतं साप हाय. गुरुजी म्हणले काटा आसंल.”

हे एका खेड्यातले झाले, असे समजून सोडून देऊ नका. केरळमध्ये शिक्षणाची स्थिती आपल्यापेक्षा चांगली मानतात. तिथल्या वायनाड जिल्ह्यात सुलतान बत्तेरी येथील एका शाळेत नोव्हेंबर २०१९ मध्ये पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलीला वर्गातच साप चावला. वर्गातल्या बिळात तिचा पाय गेला होता. दवाखान्यात न्या म्हणून वर्गातली मुले सांगत होती. तिचे वडील येईपर्यंत तिला शाळेतच थांबवले गेले. त्यानंतर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरवाफिरव झाली, वेळेवर लस मिळाली नाही आणि कोळिकोडला नेताना वाटेतच ती गेली. शिक्षकावर निलंबनाची कारवाई झाली, डॉक्टरवरही झाली. आमच्या व्यवसायाचाही त्यात वाटा होता हे मी झाकून ठेवणार नाही.

त्याआधीचे बिहारमधले उदाहरण घ्या. सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. आपल्या कापूस पट्ट्यातल्या शेतकऱ्याला या औषधाचे नाव नवे नाही. भाजीची चव वेगळी लागते, हे मुलांनी ताटावर बसल्या बसल्या सांगितले होते. त्यांना मुकाट्याने जेवायला सांगण्यात आले.

ठिकाणे वेगळी, कारणे वेगळी. पण प्रत्येक वेळी धोका सर्वांत आधी मुलांच्या लक्षात आला, त्यांनी तो मोठ्या माणसाला सांगितला आणि मोठ्या माणसाने तो मानला नाही. शाळेची सुरक्षितता म्हटली की आपण संरक्षक भिंत, फाटक, आग विझवायचे लाल नळकांडे आणि आता कॅमेरे यांचीच यादी करतो. या वस्तू हव्यातच, माझा विरोध नाही. पण कॅमेरा सापाने चावलेल्या मुलाला उचलून दवाखान्यात नेत नाही. आणि मुलाने सांगितलेले ऐकून घेण्याचे यंत्र अजून बाजारात आलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक शाळेने एक नियम करावा आणि तो वर्गावर्गात मोठ्याने सांगावा : मुलाने साप, विंचू, आग, जेवणाची चव, छातीत दुखणे, कोणी अंगाला हात लावणे यांपैकी काहीही सांगितले, तर जाणकाराने तपासून खोटे ठरवेपर्यंत ते खरे मानायचे. काटा की साप हे गुरुजींनी ठरवायचे नाही. ते आमचे काम आहे, आणि मण्यारीच्या बाबतीत तर आम्हालाही दंशाची खूण शोधून सापडत नाही. दुखत नाही, सूज नाही. थोड्या वेळाने पोट दुखते, मग पापण्या जड होतात आणि श्वास अडू लागतो. “काही दिसत नाही, घरी जाऊन झोप” असे म्हणून मूल गमावलेली घरे मी पाहिली आहेत.

त्या पावसाळ्यानंतर मी भाषणे बंद केली. पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेलो तो तक्ता न घेता. दोन लाकडी पट्ट्या, एक ओढणी आणि एक सतरंजी एवढेच साहित्य घेतले. एका मुलाला ‘साप चावला’ असे ठरवले आणि गुरुजींना म्हणालो, आता करा. मुलाला आडवे करणे, धीर देणे, पायातले पैंजण किंवा हातातले कडे काढणे, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी लावून पाय स्थिर करणे, त्याला एक पाऊलही चालू न देणे. कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. हाताला सवय व्हायला तीन-चार वेळा करावे लागते.

मग घड्याळ लावून मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत न्यायला सांगितले. पहिल्या खेपेला बावीस मिनिटे लागली! कारण काय? फाटकाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई पंचायत समितीत टपाल घेऊन गेलेला. फोन कोणी करायचा यावर दोन शिक्षकांत चर्चा झाली. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यायला एक मुलगा धावला, तर ते गावात. तिसऱ्या खेपेला सहा मिनिटांत मूल मोटारसायकलवर, चालवणारा पुढे, धरणारा मागे आणि मूल मध्ये. १०८ ला फोन लावायचाच, पण ती गाडी लांब असेल तर वाट पाहत बसायचे नाही, हेही तेव्हाच ठरले. किल्लीची दुसरी प्रत तेव्हापासून सातवीच्या वर्गात खिळ्याला टांगलेली असते.

त्या दोन तासांत बाकीचेही उरकले. फिट आली तर कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाला चप्पल-कांदा लावायचा नाही. भाजले तर वीस मिनिटे साध्या थंड पाण्याखाली धरायचे; टूथपेस्ट आणि शाई लावायची नाही. खेळताना पक्का दात मुळासकट पडला तर तो दुधाच्या पेल्यात घालून मुलाबरोबर दंतवैद्याकडे पाठवायचा. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी मुद्दाम बसवून घेतले होते. भाजण्याविषयी त्यांना सगळ्या शिक्षकांपेक्षा जास्त कळत होते, आणि वाढण्याआधी गुरुजींनी स्वतः घास खाऊन पाहायचा हा नियम कागदावरच राहतो, हेही त्यांनीच हळूच सांगितले.

शेवटी मी विचारले, कोणाला काही शंका? सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “डॉक्टर, आम्ही सांगितलं आणि सर ‘गप बस’ म्हणाले तर?”

शिक्षक हसले. मला हसू आले नाही. ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला, तो प्रश्न तिचा आहे.

तिला मी म्हणालो, दुसऱ्या सरांना सांग. त्यांनीही ऐकले नाही तर खिचडीवाल्या मावशींना सांग, शेजारच्या घरात जाऊन सांग. त्यासाठी वर्गातून न विचारता बाहेर पडलीस तर तुला शिक्षा होणार नाही. मुख्याध्यापकांनी तिथेच उभे राहून याला मान्यता दिली. त्यांचे कौतुक वाटते, कारण हे सोपे नाही. आपल्याकडे ‘उलट बोलू नये’ हे पहिलीपासून शिकवतात आणि पुढे तेच चांगले वळण समजले जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. मुलीने घरी सांगितले म्हणूनच तो उघड झाला. घरच्यांनी त्या जिवाचे खरे मानले. त्यापुढे मात्र गुन्हा नोंदवायला त्यांना तासन् तास ताटकळावे लागले. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने दडवले तर तोच शिक्षेला पात्र ठरतो. ‘शाळेचे नाव खराब होईल’ हे कारण कायद्यात बसत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवून घ्यावा. मुख्याध्यापकांच्या खोलीत लावून उपयोग नाही.

आता पालकांविषयी. गुरुजी चुलत्याची वाट का पाहत बसले? भीतीपोटी. “आम्हाला न विचारता पोराला कुठे नेले?” म्हणून गावात भांडणे झालेली त्यांनी पाहिली होती. दुसऱ्या एका शाळेत मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या बाईंना घरच्यांनीच शिव्या दिल्या, कारण त्यांना आधी मांत्रिकाकडे जायचे होते. तेव्हा सगळा दोष शाळेच्या पदरात टाकू नका. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत प्रत्येक पालकाने एक चिठ्ठी लिहून द्यावी : ‘माझी वाट न पाहता मुलाला दवाखान्यात न्यावे.’ खाली सही किंवा अंगठा. त्याच कागदावर मुलाला दमा, फिट, हृदयाचा आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का ते लिहावे. पुष्कळ पालक फिटचा आजार लपवतात, विशेषतः मुलीचा. तो लपवून आपण तिचाच जीव टांगणीला लावतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि निम्म्या महिला, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. या समितीने रंगरंगोटीच्या बिलावर सही करण्यापलीकडे एक काम करावे. शाळेजवळ राहणाऱ्या, दिवसा घरी असणाऱ्या आणि गाडी असणाऱ्या दोन-तीन पालकांची नावे फोनसह फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी मुलाला घेऊन गेले आणि दुसरे निवडणुकीच्या नाहीतर सर्वेक्षणाच्या कामावर असले, तर उरलेल्या पन्नास पोरांकडे कोण बघणार? शिक्षकांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरकारने द्यायला हवे, पण तोवर गावाने द्यायला हरकत नाही.

काही मुख्याध्यापक मला म्हणतात, डॉक्टर, पोरे खोटेही बोलतात. गणिताच्या तासाला हमखास पोट दुखते. मान्य. माझेही दुखत असे. पण फुकट गेलेल्या फेरीची किंमत अर्धा दिवस आणि पेट्रोल एवढीच आहे, आणि न मारलेल्या फेरीची किंमत मी त्या निळ्या पावलात पाहिली आहे.

त्याच शाळेचे मुख्याध्यापक नंतर एकदा भर पावसात तिसरीतल्या एका मुलाला घेऊन आले. पाय पट्ट्यांनी नीट बांधलेला, सुतळी कुठेही नाही, पोरगा दोघांच्या मध्ये मजेत बसलेला. साप चावल्याचे त्याने वर्गात सांगितले होते. आम्ही दिवसभर ठेवून घेतले, रक्त तपासले, पुन्हा पुन्हा पापण्या पाहिल्या. संध्याकाळी टाचेतून बाभळीचा काटा निघाला. मुख्याध्यापकांनी तो काटा कागदाच्या पुडीत बांधून घेतला.

मी म्हटले, “कशाला?”

म्हणाले, “समितीच्या बैठकीत दाखवायला. पेट्रोलचे पैसे मागायचे आहेत.”